भाऊजींच्या यादीतली मशीनं

कॉम्प्युटरच्या पोटात काय काय निघतं ते मी पहिल्यांदा पाहिलं भाऊजींच्या घरी, रायपूरच्या पुरानी बस्तीत. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये बिजलीच्या मेंटेनन्सला आयुष्य काढून ते रिटायर झाले आणि घरच्या पुढच्या खोलीत लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला बसले. त्या दिवशी त्यांनी एका कॅबिनेटचा पत्रा काढला, तर आत पंख्याच्या पात्याला वाळलेली पाल चिकटली होती. शेपूट वेगळी, धड वेगळं. खाली झुरळांच्या अंड्यांची टरफलं, आणि सगळ्यावर आमच्याकडची ती काळी, तेलकट भुकटी. कारखान्यांच्या बाजूला राहणाऱ्याला ती वेगळी सांगावी लागत नाही. सकाळी गच्चीवर अनवाणी गेलं की तळव्याला लागते आणि साबणानेही धड जात नाही. कुणीतरी येता-जाता त्या मशीनवर गुटखाही थुंकलेला होता. लाल ओघळ जाळीतून आतपर्यंत गेला होता.

मी दोन पावलं मागे सरकले. भाऊजी हसले. "एवढ्यातच? हे तं बरं आहे. परवा उंदराचं घर निघालं, पिल्लांसकट."

मी एका खाजगी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. एकोणीस वर्षं झाली. टायपिंग, हिशेबाचे तक्ते, वरच्या वर्गांना थोडं प्रोग्रामिंग. पण कॅबिनेट मी कधी उघडलं नव्हतं. मशीन बिघडलं की माणसाला बोलवायचं, एवढंच मला माहीत. ते उघडायला मला भाऊजींनी शिकवलं, आणि तो प्रोग्रामही त्यांनीच दाखवला.

प्रोग्राम साधा होता. जगात कुठेतरी शास्त्रज्ञांना प्रचंड मोठी गणितं करायची असतात. कुणाला रोगाच्या रेणूची घडी कशी पडते ते बघायचं असतं, कुणाला ताऱ्यांचे सिग्नल चाळायचे असतात. एका मशीनवर त्याला शंभर वर्षं लागतील. म्हणून ते त्या गणिताचे तुकडे करून साध्या लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर पाठवतात. आपलं मशीन रिकामं असलं की ते तुकडा सोडवतं आणि उत्तर परत पाठवतं. पैसे नाहीत, बक्षीस नाही. ज्याला द्यायचं त्याने आपल्या मशीनचा वेळ द्यायचा.

मला हे फार आवडलं. वडील गोंदियाकडून रेल्वेच्या नोकरीला इकडे आले. आम्हा बहिणींना त्यांचं एकच सांगणं असायचं: शिका, आणि शिकलेलं दुसऱ्याच्या कामी लावा. मी शिकले, पण कुणाच्या कामी आले असं मला कधी वाटलं नव्हतं. मुलांना अक्षरं ठळक नाहीतर तिरकी करायला शिकवण्यात कोणाचं काय भलं होतं?

मग मी घरच्यासाठी दोन मशीनं घ्यायचं ठरवलं आणि भाऊजी बरोबर आले. कबाड्याच्या गोदामात, ऑफिसांतून निघालेल्या कॉम्प्युटरांच्या ढिगात, आम्ही एक अख्खा रविवार घालवला. मी काचेची बाजू आणि रंगीत दिवे असलेल्या एकाकडे बघत होते. भाऊजींनी मला तिथून ओढलं.

"त्याचं काय करते? लग्नात लावते का? हे पाय." त्यांनी एक मळकं, जड, पत्र्याचं मशीन पुढे ओढलं. "असं घ्याचं. आणि आधी हा बिजलीचा सप्लाय हातात घेऊन पाहाचा. हलका लागला तं ठेवून दे. आत काहीच नसते, नुसता डब्बा."

त्यांनी शिकवलेलं सगळं मला अजून पाठ आहे. मेमरी रात्रभर तपासायची, कारण मेमरीत खोट असली तर मशीन बंद पडत नाही, चालत राहतं आणि चुकीची उत्तरं देतं. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट जुनी, खडूसारखी झाली की खरवडून नवी लावायची, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, जास्त नाही. मग व्होल्टेज एकेक पायरी खाली आणायचं. प्रत्येक पायरीला काही तास कठीण गणित चालवून बघायचं, आणि पहिली चूक आली की दोन पायऱ्या मागे यायचं. तेवढ्याने मशीन निम्मं तापतं आणि काम तेवढंच करतं. मे महिन्याच्या उन्हात प्रोसेसरच्या चार कोरांपैकी दोनच चालवायचे. कूलरची ओली हवा मशीनवर घ्यायची नाही. हवा आत जाते त्या जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा ताणून लावायचा आणि दर रविवारी तो धुवायचा. बादलीत काळं पाणी उतरायचं. ते बघून मला किळस यायची, पण बरंही वाटायचं, कारण ती घाण आत गेली नव्हती.

भाऊजींना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं आणि मला ते आवडत होतं. एवढं मला कबूल केलंच पाहिजे.

पूर्ण झालेल्या प्रत्येक तुकड्याला पॉइंट मिळायचे. पॉइंटांवरून यादी लागायची, माणसांची वेगळी, टीमची वेगळी. रायपूरची एक टीम भाऊजींनी काढली होती. सहा-सात जण होते, पण खरे आम्ही दोघंच. वेबसाइटवरून एक सर्टिफिकेट निघायचं. भाऊजी ते रंगीत छापून आणायचे, फ्रेम करायचे आणि पुढच्या खोलीत लावायचे. आलेल्या गिऱ्हाइकाला आधी ते दाखवायचे, मग मशीन बघायचे.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या शाळेची लॅब साफ करायची होती. तीस मशीनं. शाळा माणूस द्यायला तयार नव्हती. मी भाऊजींना विचारलं, ते लगेच हो म्हणाले. तीन दिवस नाकाला रुमाल बांधून ते एकेक मशीन मैदानात नेऊन ब्लोअरने साफ करत होते. त्यांच्या भुवयासुद्धा काळ्या झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जरा सेटिंगही पाहून घेतो सगळ्याईची. पासवर्ड सांग."

मी कागदावर लिहून दिला.

जुलैत आमची टीम यादीत एकदम वर चढली. मी पाहिलं. एकदा फोनवर विचारलंही, "भाऊजी, इतके पॉइंट कुठून?" ते म्हणाले, "नवं मशीन घेतलं ना." एका नव्या मशीनने एवढं होत नाही हे मला कळत होतं. त्यांनीच मला ते मोजायला शिकवलं होतं. पण टीमचा आकडा वाढत होता आणि त्या आकड्यात माझंही नाव होतं. मी पुढे विचारलं नाही.

आता एका मुलीचं सांगते.

नववीतली मुलगी, सात नंबरच्या मशीनवर बसायची. हुशार, पण बोलायची फार कमी. ऑगस्टपासून ते मशीन सारखं अडकायला लागलं. ती हात वर करायची, "मैम, हँग हो गया." मग एक दिवस तास चालू असताना बंदच पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. नुकतंच साफ केलेलं मशीन! मी तिच्या बॅगेकडे पाहिलं तर पेन ड्राइव्ह लटकत होता.

"गेम डाला है न इसमें?"

"नहीं मैम. मैंने कुछ नहीं किया."

"फिर तेरा ही क्यों बंद होता है?"

मी पेन ड्राइव्ह काढून घेतला. त्यात तिच्या प्रोजेक्टची फाइल होती आणि कुठल्याशा लग्नाचे फोटो. तरीही मी तिच्या आईला बोलावलं. आई पंडरीच्या बाजारात साडीच्या दुकानात कामाला, अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली. माझं म्हणणं तिने ऐकून घेतलं, वळली आणि मुलीच्या थोबाडीत मारली. लॅबमध्ये, सगळ्या वर्गासमोर. मुलीचा चष्मा की-बोर्डवर पडला. मी "अरे अरे" म्हणाले, पण आतून मला वाटलं की बरं झालं, आता शिस्त लागेल. महिनाभर मी तिला लॅबमध्ये येऊ दिलं नाही. व्हरांड्यात बसून ती पुस्तकातून उतरवून काढायची.

मार्चमध्ये प्रॅक्टिकलच्या परीक्षेत सात नंबर पुन्हा बंद पडला. त्या वेळी त्यावर दुसराच मुलगा होता. परीक्षा संपल्यावर मी पत्र्याला हात लावला. इस्त्रीसारखा तापलेला. मशीनवर कुणी बसलेलं नव्हतं आणि पंखा ओरडत होता. मी चालू कामांची यादी उघडली. दोन बटणं दाबली की ती उघडते. आठ महिन्यांत ती दोन बटणं मी दाबली नव्हती.

यादीत सगळ्यात वर ज्या प्रोग्रामचं नाव होतं तो मी रोज घरी बघायचे.

आधी वाटलं, मीच कधी चुकून टाकलं असेल. मग खातं कुणाचं ते बघितलं. भाऊजींचं. सेटिंग बघितली: मशीन वापरात असतानाही चालू ठेवा, शंभर टक्के. मी सहा नंबर बघितला, आठ बघितला, आणि मग पहिल्यापासून एकेक करत तीसही बघितले. तिसांवरही तेच खातं, तीच सेटिंग.

पुढच्याच रविवारी दुपारी मी पुरानी बस्तीत गेले. भाऊजी जेवून बसले होते, दात कोरत. त्यांच्या स्क्रीनवर त्यांचं पान उघडंच होतं. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या मशीनची यादी दाखवा."

त्यांनी खुशीने दाखवली. त्यांना वाटलं मी कौतुकाने विचारते. सत्तरच्या वर मशीनं होती आणि त्यांनी प्रत्येकाला नाव दिलं होतं. शाळा-१ ते शाळा-३०. पंडरीतली कपड्याची दुकानं. एक दवाखाना. झेरॉक्सवाला. गल्लीच्या टोकावरचं फॉर्म भरून देणारं दुकान. जे जे मशीन त्यांच्या टेबलावर दुरुस्तीला आलं होतं ते ते.

"ह्याईले विचारलं होतं का तुम्ही?"

"कोनाले?"

"हे सगळे लोक. ज्याईची मशीनं आहेत."

"विचाराचं काय त्यात? रिकामंच तं पडून असते. त्याईचं काय जाते?"

"शाळेची मशीनं रिकामी नव्हती, भाऊजी. पोरं बसून राहिले होते त्यावर."

"अवं, काहून एवढी तापून राहिली? पासवर्ड तं तूच दिला."

हे खरं होतं. त्यांनी ते बरोबर जागी मारलं. मग मी त्यांच्या हातून माउस घेतला आणि शाळा-७ वर दाबलं. मशीनने पाठवलेल्या उत्तरांची यादी उघडली. ही यादी कुणालाही उघडता येते. एकच तुकडा दोन वेगवेगळ्या घरच्या मशीनांना देतात, उत्तरं जुळली तरच मान्य करतात. सात नंबरच्या नावापुढे पानामागून पान लाल होतं. चूक. अमान्य. चूक. अमान्य. त्याची मेमरी खराब होती. आठ महिने ते तापत राहिलं, अडकत राहिलं, बंद पडत राहिलं, आणि त्याचं एकही उत्तर कुणाच्या कामी आलेलं नव्हतं. एकही.

"हे पाहिलं होतं तुम्ही?"

"हे कोन पाहाते? टोटल पाहाची. टोटल बरोबर आहे ना?"

मला आठवलं, याच माणसाने मला मेमरी रात्रभर तपासायला शिकवलं होतं.

मी त्यांना त्या मुलीचं सांगितलं. थोबाडीत मारल्याचं, चष्म्याचं, व्हरांड्याचं. ते ऐकत होते, पण त्यांची नजर स्क्रीनवर होती, जिथे टीमचा नंबर दिसत होता. शेवटी म्हणाले, "पोरीले मारलं तं तिच्या मायनं मारलं. मी मारलं का? आणि उद्या कॅन्सरचं औषध निघालं ना, तं हेच लोक सगळ्यात पहिले लाईनीत उभे राहतीन."

ताई चहा घेऊन आली होती. दारातून सगळं ऐकलं होतं तिने. "जाऊ दे न वं," ती मला म्हणाली. "या वयात त्याईले एक तं छंद आहे. दारू नाही, पत्ते नाही. चांगलंच काम करून राहिले न ते?"

"चांगलं काम?" मी म्हटलं. "ताई, दुसऱ्याच्या घरात न विचारता घुसून केलेलं?"

"घुसले कुठे? लोकच आणून देतात."

मी चहा घेतला नाही. भाऊजींनी तोवर दात कोरायची काडी खिडकीतून फेकली होती आणि त्याच बोटाने स्क्रीनवरचा आकडा दाखवत होते, "पाय, छत्तीसगडमध्ये आपण पहिले आहो." काचेवर बोटाचा तेलकट ठसा उठला. या माणसाच्या हाताखाली मी शिकले, याच्या फ्रेमांकडे मीही अभिमानाने पाहिलं. त्या वेळी मला त्यांच्यापेक्षा माझीच जास्त घाण वाटली.

सोमवारी मी तीसही मशीनांतून तो प्रोग्राम काढला, पासवर्ड बदलला आणि प्राचार्यांकडे गेले. सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. ते सही करत होते. "बंद करवा दिया न?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "तो बस. बाहर बात मत कीजिए, पेरेंट्स हंगामा करेंगे." मला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मुलगी मला जिन्यात भेटली. वर्ष संपत आलं होतं आणि पुढच्या वर्षी तिने कॉम्प्युटर विषय सोडायचं ठरवलं होतं. मी तिला बाजूला घेतलं. सांगितलं की मशीनमध्ये आधीपासून खराबी होती, माझ्या घरच्या माणसाने त्यात काही टाकलं होतं, तुझा काही दोष नव्हता, मला माफ कर.

तिने चष्म्यावर बोट टेकवलं. "मुझे तो पता था मैम," ती म्हणाली. "आप मम्मी को बता दीजिए."

मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पंडरीत गेले. तिची आई दुकानात पसरलेल्या साड्यांच्या घड्या घालत होती. गिऱ्हाईक बाजूला झाल्यावर मी बोलले. ती ऐकताना घड्या घालत राहिली, काठ काठाला जुळवून. माझं संपल्यावर म्हणाली, "तो वो मशीन कर क्या रहा था?"

मी सांगितलं, रोगांवरचा काही हिशेब.

"हुआ?"

"नहीं. उसका सब गलत निकला."

तिने पुढची साडी उचलली. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जे होतं ते मी याआधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नव्हतं. राग नव्हता तो. नाल्याजवळून जाताना माणूस पदर नाकाला लावतो, तसं काहीतरी. "उस दिन आपने भी नहीं पूछा, मैंने भी नहीं पूछा," ती म्हणाली. "शाम को घर आइए. मेरे सामने नहीं, उसके सामने बोलिए. उसके पापा भी रहेंगे, भाई भी."

मी गेले. एका खोलीत चौघांसमोर उभी राहून सगळं पुन्हा सांगितलं, मुलीकडे बघून. बसा असं कुणी म्हणालं नाही. सांगून झाल्यावर तिचा बाप "ठीक है" म्हणाला आणि मी बाहेर पडले. दाराबाहेर चपला घालत होते तेव्हा आत आईचा आवाज आला. काय बोलली ते कळलं नाही. मुलगी रडत होती, एवढं कळलं.

शाळेतला प्रोग्राम काढल्यावर मी फोन केला तेव्हा भाऊजी म्हणाले होते, सगळीकडून काढून टाकतो. महिन्याने मी वेबसाइटवर त्यांची यादी पाहिली. फक्त शाळेची तीस नावं कमी झाली होती, बाकी जशीच्या तशी. मग मी स्वतः पंडरीतल्या तीन दुकानांत आणि त्या दवाखान्यात गेले. पहिला दुकानदार म्हणाला, "वायरस है क्या?" मी नाही म्हटलं आणि खरं काय ते समजावलं. त्याने तिथल्या तिथे भाऊजींना फोन लावला आणि माझ्यासमोर शिव्या घातल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई ऐकून हसल्या. म्हणाल्या, मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, माझ्या मशीनमध्ये पेशंटचे रिपोर्ट असतात. क्षणभर मला त्यांचा राग आला. रोगावरचंच तर काम होतं, आणि डॉक्टर असून नाही? मग लक्षात आलं की भाऊजींच्या डोक्यात जे होतं तेच माझ्याही डोक्यात होतं, आणि मी मान खाली घालून तो प्रोग्राम काढायला बसले.

भाऊजींकडे आता दुरुस्तीला कमी लोक येतात. ताईने त्यानंतर मला एकदाच फोन केला. "समाधान झालं तुह्यं?" एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. बुद्धपौर्णिमेला विहारात दिसली तेव्हा दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. भाऊजी चार लोकांना गोळा करून सांगत होते की त्यांचा नंबर कितवा आहे, आणि ते चौघं माना डोलवत होते. खीर वाटायला आली तेव्हा मी उठून घरी आले.

टीम मी सोडली. दोन मशीनांपैकी एक विकलं. दुसरं चालवते, माझं, माझ्या घरात, माझ्या नावावर. पॉइंटांचं पान मी उघडत नाही. दर रविवारी अमान्य उत्तरांची यादी तेवढी बघते. मागच्या आठवड्यात तिच्यात दोन नोंदी होत्या. मी व्होल्टेज दोन पायऱ्या वर घेतलं आणि मच्छरदाणीचा तुकडा धुवायला टाकला.